कडेची चीर

दादा : ‘…फाटलेली गादी शिवण्याजोगी नव्हती. म्हणून तेवढाच भाग कापून काढला. सांध्यातली कूर्चा पूर्णपणे सुरक्षित राहिली. रुग्ण आठवड्याच्या आत आपल्या नित्यकर्मांना लागली आणि आज नऊ वर्षांनंतरही कुणाच्या आधाराशिवाय चालते.’ इथे मी थांबतो. मागे पडद्यावर तुझ्या गुडघ्याचं चित्र. मग डावीकडून तू येतेस, चालत, थेट माझ्यापर्यंत. टाळ्या. कसं वाटतंय?

धाकटी : चार वाक्यं आहेत, दादा. त्यांतलं दुसरं खरं आहे. तेही ‘म्हणून’ हा शब्द वगळून.

दादा : झालं! बघितलंस? हिला म्हटलं होतं, नुसतं ऐक. जन्मभर मेलेल्या पंडितांची हस्तलिखितं तपासत बसली, आता जिवंत भावाचं भाषण तपासतेय.

वहिनी : अहो, पण तुम्हीच विचारलंत ना, कसं वाटतंय म्हणून? वन्सं, तुम्ही आधी कॉफी घ्या, निवतेय. आणि तो पाय स्टुलावर ठेवा. उशी देऊ का?

धाकटी : नको वहिनी. पायाला स्टूल लागतं, हे चौथ्या वाक्याला मानवणार नाही.

दादा : पंडितबाई, उद्या तुझ्या भावाला जीवनगौरव मिळतोय. सबंध सभागृह भरून सर्जन. ‘गादी वाचवा’ हा माझा तीस वर्षांचा धोशा. मेनिस्कस फाटला की ही तरुण पोरं कापून मोकळी होतात. मी ओरडून सांगतो, अरे, शिवा! तो दोन हाडांमधला गादीचा तुकडा आहे, केस-नखं नव्हेत की पुन्हा वाढतील. आणि शेवटी, प्रामाणिकपणा म्हणून, मी एक अशी केस दाखवतो जिथे मलाही शिवता आलं नाही. कोणाची? सख्ख्या बहिणीची! लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल.

धाकटी : माझ्याही येतं. जिना उतरताना.

दादा : ते वयामुळे.

धाकटी : उजव्याच गुडघ्याला?

दादा : झीज काय दोन्हीकडे मापून होते?

धाकटी : नाही, मी आपलं विचारलं. डाव्या गुडघ्याला त्याची जन्मतारीख कोणी कळवलेली दिसत नाही. तो अजून बिनधास्त जिने चढतो. मग तिसऱ्या वाक्यातली ती ‘पूर्णपणे सुरक्षित’ कूर्चा नेमकी कुठे सुरक्षित आहे? तुझ्या त्या जुन्या विद्यार्थ्याकडे मी फोटो काढून घेतला. तो म्हणाला, आतल्या बाजूची फट बुजत आलीय, हाडाला हाड घासतंय.

दादा : त्याच्याकडे कशाला गेलीस? घरचा सर्जन असताना?

धाकटी : घरच्या सर्जनचा अनुभव होता, म्हणून.

वहिनी : वन्सं, असं टोचून बोलू नये हो. ह्यांनी तुमच्याकडून फीसुद्धा घेतली नव्हती.

धाकटी : खरंय. जे घेतलं ते गुडघ्यातूनच घेतलं.

दादा : हे बघ, ऑपरेशनच्या दिवशी तुझी कूर्चा काचेसारखी होती. मी स्वतः पाहिली. ‘सुरक्षित राहिली’ असं मी म्हणतो, ते त्या दिवसापुरतं. त्यात खोटं काय?

धाकटी : काही नाही. माणूस गच्चीवरून पडतो, तेव्हा पहिल्या मजल्यापर्यंत तोही पूर्णपणे सुरक्षित असतो. बरं, मला एक समजावून सांग. तुझ्या भाषणात कूर्चेवर सुंदर परिच्छेद आहे, मघाशी तू घाईत वगळलास. तो वाच ना.

दादा : आता कशी लायनीवर आलीस! ऐक. ‘हाडांच्या टोकांवरच्या या गुळगुळीत कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. तिला दुखत नाही, म्हणून ती तक्रार करत नाही. गादी शाबूत असते तोवर भार वाटला जातो. गादी गेली की सगळा भार तिच्या एका कोपऱ्यावर येतो, आणि ती मुकाट्याने झिजत राहते. रुग्णाला दुखू लागतं, तेव्हा कूर्चा संपलेली असते. ओरडत असतं ते खालचं हाड.’ सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येते या ठिकाणी.

धाकटी : येणारच. अशी सोय घरोघरी असते. रक्त मागत नाही, तक्रार करत नाही, भार घेते आणि झिजते. तुम्ही लोक तिला कूर्चा म्हणता. इतर घरांत तिला लग्न न झालेली बहीण म्हणतात.

वहिनी : इश्श, वन्सं! तुम्ही म्हणजे कुठली गोष्ट कुठे नेऊन चिकटवाल!

दादा : नेऊ दे. प्राध्यापक आहे, उपमा फुकट असतात. तू एक काम कर, उद्यासाठी एकदा चालून दाखव. टेबलापासून दारापर्यंत. फक्त लंगडू नकोस.

(धाकटी खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठते. दारापर्यंत जाते, परत येते. खोलीत ऐकू येतो तो फक्त तिचा गुडघा.)

दादा : हं. सभागृहात गालिचा आहे. आवाज पोचणार नाही.

धाकटी : तू ध्वनिव्यवस्थेचाही विचार केलास, कौतुक आहे. आता चौथं वाक्य. ‘रुग्ण आपल्या नित्यकर्मांना लागली.’ ‘आपल्या’ म्हणजे कोणाच्या?

दादा : म्हणजे तुझ्या. रोजच्या कामांना. सगळे असंच लिहितात.

धाकटी : माझं रोजचं काम ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर होतं, लोखंडी गोल जिन्याने चढून. ती हस्तलिखितं खाली आणू देत नाहीत. त्या जिन्याला मी आठवड्यात लागले नाही, दादा. महिन्यात नाही, वर्षात नाही. नंतर दोनदा चढले. दुसऱ्यांदा मला पहारेकऱ्याने पाठीवर घेऊन खाली आणलं. तेव्हापासून माझा ग्रंथ दोन प्रती ताडून बघायच्या राहिल्यामुळे पडून आहे. आठवड्यात मी लागले ती आईच्या नित्यकर्मांना. तिला कुशीवर वळवणं, अंघोळ घालणं, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. लिहायचंच तर असं लिही : ‘रुग्ण आठवड्याच्या आत आपल्या भावाच्या नित्यकर्मांना लागली.’

दादा : माझ्या? मी रोज येत नव्हतो आईकडे?

धाकटी : येत होतास. तिची नाडी बघायचास, ‘उत्तम आहे’ म्हणायचास आणि ती हसायची. तू गेलास की चादर मी बदलायची.

वहिनी : आता ते उगाळून काय उपयोग? सासूबाई शेवटपर्यंत समाधानी होत्या. पाठीला एक जखम झाली नाही त्यांच्या. सगळे नाव काढायचे.

धाकटी : कोणाचं, वहिनी?

वहिनी : म्हणजे… आपल्या सगळ्यांचंच.

धाकटी : असू दे. माझं भांडण पहिल्या वाक्याशी आहे. बाकीची तीन त्याच्या जिवावर जगतात. ‘फाटलेली गादी शिवण्याजोगी नव्हती.’ दादा, ती कुठे फाटली होती?

दादा : नऊ वर्षांपूर्वीची केस आहे! दर आठवड्याला मी किती गुडघ्यांत शिरतो, कल्पना आहे? कुठली चीर कुठे होती, कोणाच्या लक्षात राहील?

धाकटी : माझ्या. माझ्याकडे एकच होती. मला तुम्ही कमरेखाली बधिर केलं होतं. कान कमरेच्या बरेच वर असतात. तुझ्या भोवती तुझी पोरं उभी होती आणि तू नेहमीसारखा शिकवत होतास. तुला सवयच आहे, प्रेक्षक असल्याशिवाय तुझा हात चालत नाही. तू म्हणालास, ‘बघा रे, काय सुरेख चीर आहे. ताजी. उभी. अगदी कडेला, जिथे रक्त पोचतं आणि शिवलेलं जुळतं. पुस्तकात छापावी अशी.’ मला अभिमान वाटला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी पुस्तकात छापण्यासारखं आहे, असं तू म्हणत होतास.

दादा : गुंगीत माणूस काहीही ऐकतो.

धाकटी : मग सिस्टरने विचारलं, ‘टाक्यांचा संच उघडू?’ तू क्षणभर थांबलास. आणि म्हणालास, ‘राहू दे.’ कुठल्यातरी मुलाने धीर करून विचारलं, ‘सर, तुम्ही तर म्हणता कडेची चीर शिवायची.’ त्यावर तू म्हणालास, ‘प्रत्येक रुग्णाची परिस्थिती वेगळी असते.’ मी नऊ वर्षं त्या वाक्यावर विचार करतेय. माझी परिस्थिती काय होती?

दादा : तुझं वय होतं सत्तेचाळीस! विशीतला खेळाडू नव्हतीस. शिवलं तरी जुळतंच असं नाही. कित्येकांची शिवण उसवते, दुसऱ्यांदा आत जावं लागतं. हे सगळं मोजूनच सर्जन ठरवतो. तिथल्या तिथे, आत पाहून. ते तुमच्या त्या फुरसतीच्या पाठभेदांसारखं नसतं.

धाकटी : हे मान्य. उसवली असती तर मी तुला एका शब्दाने बोलले नसते. जी शिवलीच नाही ती उसवली असती, या आधारावर मात्र मी कोणाला निर्दोष सोडत नाही. तर तू ‘आत पाहून’ ठरवलंस?

दादा : अर्थात! बाहेरून कोणाला दिसतं?

धाकटी : आणि आधी मला काय सांगितलं होतंस? ‘जमलं तर शिवू.’ म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी, मंगळवारी सकाळपर्यंत दोन्ही वाटा मोकळ्या होत्या.

दादा : मोकळ्याच होत्या. किती वेळा सांगू?

धाकटी : मग घरात कुबड्या का नव्हत्या? शिवल्यावर महिना-दीड महिना तो पाय जमिनीला टेकवू देत नाहीत, हे तूच त्या भाषणात सांगतोस. आईची मदतनीस म्हणून जी बाई आणली, ती आठवड्याच्या बोलीवर का होती? दीड महिना मी पलंगावर राहण्याची जराही शक्यता असती, तर आईला आठव्या दिवशी कोण उचलणार होतं?

दादा : असल्या घरगुती गोष्टी मला काय विचारतेस? ते हिचं खातं.

वहिनी : अगं बाई, म्हणजे आता माझ्यावर! वन्सं, देवाशपथ सांगते, मी काही कमी केलं नाही. मी त्या बाईच्या हातापाया पडले. म्हटलं, बाई गं, दीड महिना राहा, हवं ते देऊ. ती ऐकेचना. तिच्या बहिणीचं बाळंतपण होतं. म्हणाली, आठवड्यावर एक दिवस थांबणार नाही. आता मी काय तिला बांधून ठेवणार होते?

दादा : तू जरा गप्प बस ना.

वहिनी : का? माझ्यावर बालंट येतंय, आणि मी गप्प बसू? आदल्या रविवारी तिला इथे बोलावून, तुमच्यासमोरच विचारलं होतं ना मी?

धाकटी : रविवारी.

वहिनी : हो! तुम्ही बसलाय ना, तिथेच बसली होती.

धाकटी : दीड महिना राहशील का, असं रविवारी विचारलं. ती नाही म्हणाली. आणि मंगळवारी माझी गादी शिवण्याजोगी राहिली नाही.

वहिनी : …अहो.

धाकटी : तिने बहिणीच्या बाळंतपणाला जायचं ठरवलं आणि त्याचा परिणाम माझ्या सांध्यातल्या रक्तपुरवठ्यावर झाला. वैद्यकशास्त्र फार पुढे गेलंय, दादा. हे मात्र भाषणात घ्यायला हवं होतंस.

दादा : तुला वाटतं तितकं सरळ नव्हतं ते.

धाकटी : दुसरी बाई शोधता आली असती.

वहिनी : दोन दिवसांत? विश्वासाची?

धाकटी : आईला दीड महिना इथे आणता आलं असतं. तुमच्याकडे लिफ्ट आहे. चार खोल्या आहेत.

वहिनी : तेव्हा कसं आणणार होतो, वन्सं? आमच्याकडे रंगकाम चालू होतं!

धाकटी : या भिंतींचं?

वहिनी : हो, म्हणजे… सोमवारी याच खोलीपासून सुरुवात केली होती. सगळं सामान मधोमध, वास केवढा तो. सासूबाईंना त्रास झाला असता.

धाकटी : फिकट बदामी. छान टिकलाय हो. गुडघ्यापेक्षा.

दादा : पुरे! नऊ वर्षं मिठाची गुळणी धरून बसलीस आणि आज, उद्या माझा सत्कार असताना, हा खटला काढलास. मुद्दाम. बोलायचंच होतं तर तेव्हा का नाही बोललीस?

धाकटी : कारण नऊ वर्षं तू ते वाक्य घरात बोलत होतास. घरात माणसं काहीही बोलतात, त्याची समीक्षा करू नये. उद्या ते छापलं जाईल, दादा. छापलेली चूक पुढचे लोक डोळे मिटून उतरवून घेतात. मी जन्मभर तेच निस्तरत आले. उद्या सभागृहभर पोरं पडद्यावरची चीर बघून लिहून घेतील की सरांनी कडेची ताजी चीर कापली, बाई आठवड्यात कामाला लागली, आणि नऊ वर्षांनी रुबाबात चालत आली. परवापासून ती कापायला लागतील. शिवणं कष्टाचं आहे, कापणं सोपं, आणि आता तर ‘गादी वाचवा’वाल्या सरांचाच दाखला. आणि त्या प्रत्येक टेबलावर कोणीतरी असेल, जिच्या घरी कोणाला तरी उचलायचंय.

दादा : अतिशयोक्ती.

धाकटी : तर मग माझी अट ऐक. पहिलं वाक्य तसंच राहिलं, तर मी येणार नाही. पडद्यावर माझ्या गुडघ्याचं चित्र दाखवायला माझी परवानगीही नाही. पहिलं वाक्य खरं केलंस, तर मी येते. त्या पायऱ्या चढून, सगळ्यांसमोर, गालिच्यावरून. लंगडत.

वहिनी : अहो, ती केस काढूनच टाका ना. दुसरी कोणाची तरी घाला. तुमच्याकडे काय तोटा आहे?

दादा : कार्यक्रमपत्रिकेत छापून गेलंय, ‘माझ्या बहिणीचा गुडघा’. वार्ताहर येणार आहेत. अगं, ऐक माझं. हे सगळं बाजूला ठेवू. मी तुझा गुडघा बदलून देतो. नवा कोरा. उत्तमातला उत्तम सांधा, मी स्वतः बसवतो. तू पुन्हा तुझा तो गोल जिना चढशील.

धाकटी : बदलणार आहे मी. तुझा विद्यार्थी करणार आहे. त्याने मला काय विचारलं, माहितेय? ‘तुम्हाला काय हवंय?’ मला कळेचना, काय उत्तर द्यायचं. हा प्रश्न आपल्या घरात मला कोणी विचारला नव्हता.

दादा : आणि विचारलं असतं तर? तेव्हा, त्या रविवारी, मी तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?

धाकटी : ‘काप’ म्हणाले असते.

दादा : बघ! म्हणजे फरक काय पडला? सांग ना, काय फरक पडला?

धाकटी : कापलं तूच असतंस. पण दिलं मी असतं. आईला माझा गुडघा मी आनंदाने दिला असता, दादा. तू तो परस्पर देऊन टाकलास, वर त्याला शास्त्राचं नाव दिलंस, आणि आता त्यावर हार घालून घ्यायला निघालास.

दादा : हार, हार! मला काय हौस होती का? रात्रभर झोपलो नव्हतो मी सोमवारी. तुला काय वाटतं, मला कळत नव्हतं? मी, मी तीस वर्षं घसा फोडून सांगतोय की कडेची चीर शिवा, आणि मला कळत नव्हतं? तुला दीड महिना झोपवायचं, आई शेजारच्या पलंगावर, बाई पळालेली, माझी रोजची ऑपरेशनं, हिचं घर उपसलेलं… शिवता येत होतं! अगदी सहज येत होतं! पण शिवलं असतं, तर आईचं कोणी केलं असतं?

वहिनी : अहो, हळू. खाली ऐकू जाईल.

धाकटी : वहिनी, भाषण तुमच्यासमोर उघडंच आहे ना? पहिलं वाक्य खोडा.

वहिनी : खोडलं. पण… त्या जागी काय घालू?

धाकटी : दादा आत्ता जे म्हणाला, ते. माझा एक शब्दही नको. सुधारू नका, गाळू नका, कुठे मऊ करू नका. जसंच्या तसं.

वहिनी : अहो, मी… लिहू का हे?

(दादा भाषणाचा कागद स्वतःकडे ओढतो, खोडलेलं वाक्य बघतो आणि कागद परत तिच्याकडे सरकवतो.)

वहिनी : तुम्ही काहीतरी बोला ना. उद्या सगळे बसलेले असतील समोर.

धाकटी : मीही असेन. डावीकडे, पायऱ्यांपाशी.

दादा : लिही.

वहिनी : लिहिलं.

दादा : वाचून दाखव.

वहिनी : ‘शिवता येत होतं. अगदी सहज येत होतं. पण शिवलं असतं, तर आईचं कोणी केलं असतं?’